डाव्या कानाची खाच

आमच्या घरची खूण दोन्ही कानांची होती. कोकरू पंधरा दिवसांचं झालं की बा त्याला गुडघ्यांत दाबून धरायचा आणि लोकर कातरायच्या कात्रीनं दोन्ही कानांची टोकं सरळ छाटायचा. माय हळद आणि चुलीतली राख घेऊन शेजारी बसलेली असायची. कोकरू एकदा ओरडायचं, वाड्यातून त्याची आई ओरडायची, आणि थोड्या वेळानं दोघंही चरायला लागायची. मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या प्रत्येक घराची अशी खूण ठरलेली होती. कोणाचा कान मधोमध चिरलेला, कोणाला भोक, कोणाला खाच. कळप पैनगंगेच्या काठाला एकत्र व्हायचे आणि संध्याकाळी कान बघून वेगळे व्हायचे. दोन घरांची खूण मात्र एकच होती, खाच. भांडण होऊ नये म्हणून त्यांच्या आजोबांनी कधीतरी बसून ठरवून घेतलं होतं की एकानं डाव्या कानाला खाच द्यायची आणि दुसऱ्यानं उजव्या. डावा कान नदीपलीकडच्या घराचा. त्या घरात माझी मोठी बहीण गया दिली होती. उजवा कान आमच्याच गावातल्या द्वारकाच्या घराचा. द्वारका माझी मैत्रीण. हे एवढं ध्यानात राहिलं की पुढचं सगळं कळतं.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून चालत अर्ध्या तासावर. हिंगोली तेव्हा जिल्हा झालेली नव्हती, कामाला परभणीला जावं लागायचं. गयाआक्काला सासरी तीन वर्षं झाली आणि एक दिवस बा तिला पत्र्याच्या पेटीसकट परत घेऊन आला. मूल नाही हे सांगायचं कारण. खरं कारण असं की तिनं कणगीच्या मागच्या भिंतीवर कोळशानं सासूचं चित्र काढलं होतं, आणि ते शेजारणीनं ओळखलं. चित्रात माणूस नव्हताच. मागच्या दोन पायांवर उभी राहिलेली एक मेंढी होती, डाव्या कानाला खाच असलेली, आणि ती तुपाचा डबा पदराखाली घालत होती. काडीमोड झाली. आक्का घरी आल्यावर रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं वाडा झाडला, शेळ्या पिळल्या आणि दुधात घट्ट चहा केला. आमच्याकडं गाईचं दूध नसायचं, शेळीच्या दुधाच्या चहाला जो उग्र वास येतो तोच मला अजून घरचा वास वाटतो. सकाळी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. आक्का भाकरी थापताना परातीतल्या पिठावर बोटानं काहीतरी काढायची आणि लगेच थापून मोडायची. मी वाकून बघायची. कधी बा असायचा, कधी सरपंच. मोडायच्या आत ओळखलं तर ती मला गरम भाकरीचा पापुद्रा द्यायची.

बारावी झाल्यावर मी नाक्याजवळच्या एका हायस्कुलात कार्यालयात मदतनीस म्हणून लागले. तिथं प्रश्नपत्रिका छापायचं सायक्लोस्टाईल यंत्र होतं. आजच्या लेकरांना ते ठाऊक नाही. मेणाच्या निळ्या कागदावर टोकदार लेखणीनं लिहायचं, मेण खरवडलं जातं, तो कागद शाईच्या ढोलावर चढवायचा आणि हॅण्डल फिरवायचं. जिथं खरवडलं तिथून शाई खालच्या कागदावर उतरते. एकदा एक निळा कागद उरला, तो मी घरी आणला. आक्कानं तो उजेडात धरला आणि विचारलं, "यावर काढलं तर किती निघत्यात?"

"दोनशे तरी."

"आन मी काढलं हे कोणाला कळंल?"

"कसं कळंल? त्यावर नाव कुठं लिहायचंय."

ती रिकाम्या रिफीलनं काढायची. सावली द्यायची असली तर सायकलच्या तारेचं टोक घासून घ्यायची. मेणाच्या कागदावर पूर्ण गोल काढला की मधला तुकडा सुटून पडतो, म्हणून ती कधीच गोल मिटवत नसे. त्यामुळं तिच्या सगळ्या मेंढरांचे डोळे एका बाजूनं उघडे असत, जणू आत्ताच कोणीतरी त्यांना हटकलंय. पुढं हीच तिची ओळख झाली. कागदावर चार चौकटी, अक्षर एकही नाही. बाजारात निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांच्यासाठी आक्काला काढायचं नव्हतं. धोतर नेसलेला बोकड, खुर्चीवर बसलेली मेंढी, माळ घातलेलं लंगडं करडू. माणसाचं तोंड कधीच नाही. फक्त कान. वाशीमकडून आलेला ट्रकवाला तो कागद बघून शेळ्या म्हणायचा आणि हसायचा. आमची माणसं कान बघायची आणि गप्प व्हायची.

शनिवारी शाळा अर्धी. कारकून नाक्यावर चहाला गेला की मी वाया गेलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर दीडशे-दोनशे प्रती काढायची. बाजाराच्या दिवशी आक्का ढेपीच्या पोत्यांत, गिरणीच्या पाटीखाली, धाब्याच्या बाजेवर त्या ठेवून यायची. लोक त्याला नुसतं कागद म्हणत. "या बाजारचा कागद आला का?" एवढं विचारलं की कळायचं. पहिला कागद आला तेव्हा एका घरानं दुसऱ्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या. तिसरा आला तेव्हा लोक वाट बघायला लागले. पाचव्यात आक्कानं एक म्हातारा काढला, अंथरुणावर पडलेला बोकड, आणि त्याची तीन पोरं दोरी घेऊन सरणाचं माप घेऊन राहिलेली. म्हाताऱ्याला कोणीतरी तो कागद दाखवला. तो खूप हसला म्हणे, पोरांना एकेक करून जवळ बोलावून दाखवला, आणि आठ दिवसांनी गेला. पोरांनी तेरावं केलं तेव्हा गावात कोणी जेवायला बसेना, सगळे चुलवणाच्या लाकडांकडंच बघत होते. मी हे सांगताना आजही हसते. वाईट आहे, पण हसू येतं. कागदाची खरी गंमत हीच होती की ज्याला तो लागायचा त्याच्याशिवाय सगळ्यांना आवडायचा, आणि ज्यांचा कान कधीच आला नाही ते रुसायचे. किराणा दुकानात एक बाई दुसरीला म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय: "आमच्यात काय कमी भानगडी हायत का? आमचा कान काहून येत न्हाई?"

हे एका बाईचं काम असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. संशय गेला चित्रकलेच्या सरांवर. कागदाच्या पाठीला आठवीचा भूगोल छापलेला असायचा, म्हणजे काम शाळेतलं हे उघड होतं. सर लांबच्या गावचे, एकटे राहणारे, पांढऱ्या बुटांचे. पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा नुसते हसले. मग धाब्यावर त्यांना कोणी चहाचे पैसे द्यायला लावीना, आणि सर म्हणू लागले, "कलावंतानं बोलायचं नसतं." मी घरी येऊन हे सांगितलं तर आक्का म्हणाली, "त्याच्या हातानं शेळीचा खूर तरी उतरंल का? पन हसू दे त्याला. बरंच हाय."

आमचं घर कागदात येत नाही हे लोकांच्या ध्यानात यायच्या आधी आक्कानं आमचं घर काढलं. दोन्ही कान छाटलेली एक मेंढी, डोक्यावर पत्र्याची पेटी, बोकडबापाच्या मागं चाललेली. पुढच्या चौकटीत तीच मेंढी बाजारात उभी, आणि गिऱ्हाईक तिचे दात बघून पुढं जातंय. तो कागद सगळ्यात जास्त फिरला. मायनं तो गिरणीवर पाहिला. चार बायका तो धरून हसत होत्या, मायला बघून त्यांनी तो लपवला नाही. माय दळण तिथंच टाकून घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. आक्का हात धुऊन उठली, गिरणीवर गेली, पिठाचा डबा डोक्यावर घेऊन परत आली आणि भाकरी टाकायला लागली. मायला शेवटपर्यंत कळलं नाही की ते कोणी काढलं होतं. मी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

त्या वर्षी द्वारकाचं जमलं. मुलगा यष्टीत कंडक्टर, पुसदकडचा. साखरपुडा झाला, लुगडं आलं. द्वारका माझ्याच वयाची, विशीतली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मी गेले की तू येशील ना ग? तिकीट लागनार न्हाई तुला, मालकच कंडक्टर हाय." आणि त्याच सुमारास नदीपलीकडं आक्काच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या जुन्या दाजीचं, दुसऱ्या लग्नाचं चाललं होतं. दाजीच्या पाठीवर कोड होतं. तळहाताएवढं, कमरेच्या वर. सदऱ्याखाली दिसत नसे आणि घरच्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, आक्काला द्यायच्या आधीही नाही. आज मला ठाऊक आहे की कोडानं कोणाचं काही बिघडत नाही, ते लागत नाही, दुखत नाही. पण तेव्हा आमच्याकडं नुसता शब्द उच्चारला तरी सोयरीक मोडायची. आक्कानं सासरची तीन वर्षं आणि परत आल्यावरही तोंड बंद ठेवलं होतं. आता तिनं रिफील उचललं.

चित्र असं. बाजारात एक म्हातारी मेंढी आपल्या जनावराच्या पाठीवरच्या पांढऱ्या डागाला काजळ फासतेय. दुसऱ्या चौकटीत गिऱ्हाईक दात बघतंय, तिसऱ्या चौकटीत दावं हातात घेतंय. शेवटच्या चौकटीत पाऊस लागलेला, आणि गिऱ्हाईक आपल्या काळ्या झालेल्या हाताकडं बघत उभं. आक्कानं नर की मादी हे दाखवलं नव्हतं. सगळ्यांच्या डाव्या कानाला खाच. मी बघितलं आणि म्हणाले, "आक्का, हे भारी झालंय."

त्या शनिवारी कारकून नेहमीपेक्षा उशिरा चहाला गेला. मी घाईत होते. मेणाचा कागद ढोलावर पालथा चढवला तरी चढतो, फक्त छपाई आरशातल्यासारखी उलटी येते. प्रश्नपत्रिकेत असं झालं की अक्षरं उलटी दिसतात आणि लगेच कळतं. आक्काच्या कागदात अक्षर नव्हतं. पहिला कागद निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्या कागदाला मला दिसलं. म्हातारी मेंढी डाव्या हातानं काजळ फासत होती, आणि आक्कानं ती उजव्या हाताची काढली होती. मी हॅण्डल थांबवलं. शाई लागलेलं मेण सोडवून पुन्हा चढवायला गेलं तर फाटतं, आणि फाटलं की महिन्याचं काम वाया. बाहेर कारकुनाच्या चपला वाजल्यासारख्या वाटल्या. कोणता हात आहे ते कोण बघतं, असं मला वाटलं. हाताचाच विचार केला. आमच्या घरची खूण दोन्ही कानांची, उलटी छापली तरी आमचीच राहते, म्हणून असेल, डाव्या-उजव्याचा धाक मला कधी नव्हता. पण हे मी आता म्हणतेय. तेव्हा मला चूक दिसली होती आणि मी हॅण्डल पुन्हा फिरवायला लागले, एवढंच खरं. एकशे ऐंशी प्रती काढल्या.

बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांनी कान वाचला होता. उजवा कान. उजव्या कानाच्या घरात लग्नाला आलेलं एकच जनावर होतं.

मी घरी धावत आले. आक्का अंगणात लोकर पिंजत बसली होती.

"आक्का, कान उलटा पडला. समदा कागदच उलटा हाय. द्वारकाचं घर झालं त्याच्यात."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "उलटं बी चांगलं दिसून राहिलं," ती म्हणाली. "म्हातारीचा वाक तर माझ्यापरीस बरा आलाय."

"तिचं लगीन मोडंल आक्का."

"माझं मोडलं तवा कोन आलं व्हतं?"

"तिनं काय केलं तुझं? दुसरा कागद काढ. सुलटा. डावा कान दिसू दे लोकायला."

आक्कानं पिंजणं थांबवलं नाही. "कागद एकडाव चुकला म्हनला की मागचे समदे खोटे. त्यो म्हातारा खोटा, मी खोटी. तेवढंच हाय माझ्यापाशी. चूक तू केली, तू जा. सांग जाऊन पाटलाच्या वट्ट्यावर, मी छापते आन माझी बहीन काढते म्हनून. मी आडवत न्हाई."

ती खरंच अडवत नव्हती. मी गेले नाही.

चार दिवसांनी मुलाकडच्या बायका जीप करून आल्या. मुलाची आत्या, तिच्या दोन जावा आणि कोणी एक नर्सबाई. पुरुष ओसरीवर बसले. द्वारकाची माय मला बोलवायला आली. "चल माय, तू जवळ राह्यली तर तिला धीर येईल." मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. भर दुपारी खोलीत अंधार झाला. आत्या म्हणाली, "बॅटरी धरा कोनीतरी." बॅटरी माझ्या हातात आली.

द्वारका पाठमोरी उभी होती. पाठ, दंड, पोटऱ्या. आत्या जिथं बोट दाखवील तिथं मी उजेड पाडायची. कोणी ओरडत नव्हतं, सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं, बाजारात चांगलं जनावर घेतात तसं. बाहेर कोणीतरी कप-बश्या धूत होतं. डाव्या कोपराच्या वर आत्याचं बोट थांबलं. तिथं रुपयाएवढा फिकट डाग होता.

"हे काय ग?"

"दुधानं पोळलं व्हतं लहानपनी," द्वारका म्हणाली. "हिच्याच घरी. सांग की ग."

"व्हय," मी म्हणाले. "आमच्या चुलीवर. मी व्हते तिथं."

"मैत्रीन व्हयच म्हननार," आत्या म्हणाली, आणि माझ्या हातातली बॅटरी स्वतः घेऊन डागाला टेकवली. नर्सबाई म्हणाली की डाग पोळल्याचाच आहे. आत्या म्हणाली, "असंल. आमी कुठं न्हाई म्हनतो?" द्वारका त्या वेळी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघत होती. ती वाट बघत होती की मी अजून काहीतरी बोलेन. माझ्याकडं बोलायला होतं. सहा शब्दांचं होतं. मी खाली पडलेला तिचा पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला आणि दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी साखरपुड्याचं लुगडं परत पाठवायला सांगावा आला. चौथ्या दिवशी द्वारकाच्या भावांनी चित्रकलेच्या सरांना शाळेमागं गाठलं आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून ठेचली. सर ओरडत होते, "मी नाही काढलं, देवाशपथ मी नाही काढलं," पण इतके महिने चहा पिऊन झाल्यावर ते कोण ऐकणार? प्लॅस्टर घालून ते गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या नोकरीचे दाखले, पगारपत्रक, सगळी कागदपत्रं मीच तयार करून पाठवली. अक्षर माझं चांगलं होतं.

आणि मग द्वारकाचं जमलं. नदीपलीकडच्या घराला मुलगी मिळत नव्हती, आक्काचं प्रकरण लोकांना आठवत होतं. त्यांना कळलं की या घरात कोडाची बोलवा आहे, म्हणजे इथं फार चौकशी होणार नाही. ते काही न मागता आले. द्वारकाच्या बापानंही काही विचारलं नाही. डाव्या कानानं उजवा कान करून घेतला. लग्नाला येसर आमटी होती, भात होता, बुंदी होती. आक्का गेली नाही. मी तिच्यासाठी डब्यात येसर आणलं, ते तिनं भाकरी कुस्करून चवीनं खाल्लं, बोटं चाटली, आणि म्हणाली, "झालं की मंग. आता कान बराबर झाला."

मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. मग बोलायला लागले. एका घरात राहायचं तर किती दिवस गप्प बसणार?

द्वारका पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा हापशावर भेटली. घागर भरेपर्यंत ती हापसत होती, मी उभी होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याच्या पाठीवर हाय. कमरंच्या वर." घागर भरली, तिनं चुंबळ नीट केली. "ते निस्तं बायकोलाच दिसतं. आन बायका त्याला दोनच." घागर डोक्यावर घेऊन ती गेली. तिनं हे गावात कोणाला सांगितलं असतं तर आक्काचं आणि माझं काय झालं असतं ते सरांची बोटं पाहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. तिनं सांगितलं नाही. माझ्यावर दया केली असं मी समजत नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याचं कोड बाहेर पडलं असतं, आणि तोपर्यंत तिच्या पोटात लेकरू होतं.

आक्कानं त्यानंतर चारपाच कागद काढले. ते मी सुलटेच छापले. मग नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आलं, पोरांनी तिची मेंढरं उचलून त्यात घाणेरडी अक्षरं घातली, नावं घातली, आणि दोन ठिकाणी डोकी फुटली. आक्काला डोकी फुटल्याचं काही नव्हतं. "डोळे मिटवले लेकांनी," ती म्हणाली. "गोल पुरा केला." आणि तिनं काढणं बंद केलं.

आता हिंगोलीत माझी छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिकांची. आक्का मागच्या खोलीत पाकिटांना खळ लावते. डाव्या सोंडेचा गणपती उलटा छापला गेला की उजव्या सोंडेचा होतो आणि गिऱ्हाईक शंभर पत्रिका तोंडावर फेकतं, म्हणून माझी कामाची माणसं मला वैतागतात इतकं मी तपासते. मागच्या वर्षी द्वारका आली. मुलीचं लग्न होतं. केस पांढरे, आवाज तोच. तिनं मजकूर दिला, पाकिटाचा रंग निवडला, भाव पाडून घेतला. मागच्या खोलीतून आक्का खोकली. द्वारकानं तिकडं बघितलं नाही. मी प्रूफ तिच्या हातात दिलं. तिनं ते समोरून वाचलं, मग उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं आणि पाठीकडून बराच वेळ बघितलं.

"पोरीला काही डागबिग न्हाई," ती म्हणाली. "बॅटरी लावून बघायचं असंल तर बघ. यंदा तेवढं सुलटं छाप."

"छापते," मी म्हणाले.

ती बाकावर बसून राहिली. मी कारागिराला बाजूला केलं आणि यंत्रावर स्वतः उभी राहिले. पहिली पत्रिका निघाली, दुसरी निघाली. तिसरीला मी यंत्र थांबवलं.